स्थायू द्रव्यांचे गुणधर्म व वर्गीकरण : रसशाळेच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना

गतवर्षी चिकित्सालयापुरती टाकणखाराची लाही तयार करीत असताना एक गोष्ट ध्यानात आली. नेहमीच्या दुकानातील १०० ग्रॅम टाकणखारापासून आम्हांस ५४ ते ५५ ग्रॅम लाही मिळत असे. त्या वेळी माल दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आणला होता. त्याच कढईत, तेवढ्याच अग्नीवर, त्याच साहाय्यकाने केलेली लाही ७० ग्रॅमच्या आसपास भरली. भेसळ आहे असे गृहीत धरून मी माल परत पाठविला. प्रत्यक्षात भेसळ नव्हती. चूक माझ्या अनुमानात होती आणि तिचे मूळ स्थायू पदार्थांच्या रचनेविषयीच्या अपुऱ्या विचारात होते. या प्रसंगाचा उलगडा पुढे योग्य स्थळी केला आहे.

आपल्या औषधालयातील बहुसंख्य द्रव्ये स्थायू अवस्थेत असतात. चूर्ण, भस्म, क्षार, लवण, सत्त्व, गुटी ही सर्व स्थायूच होत. असे असूनही स्थायू द्रव्याची अंतर्गत मांडणी, तिच्यातून उद्भवणारे गुणधर्म आणि त्यांचा शोधन, मारण, मात्रा व साठवण यांच्याशी असलेला संबंध यांकडे अभ्यासक्रम संपल्यानंतर फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात रसायनशास्त्रातील स्थायूंचे मूलभूत वर्गीकरण आपल्या नित्य परिचयाच्या द्रव्यांच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. दोन शास्त्रांची परिभाषा ओढूनताणून एकमेकींवर बसविण्याचा यात हेतू नाही.

१. स्थायू अवस्थेचे सामान्य गुणधर्म

गुर्वादी वीस गुणांत सांद्र-द्रव, मृदु-कठिन, स्थिर-सर ही युग्मे आहेत. पार्थिव द्रव्याचे वर्णन करताना चरकसंहितेत गुरु, खर, कठिन, मंद, स्थिर, विशद, सांद्र व स्थूल हे गुण सांगितले आहेत. आधुनिक रसायनशास्त्रानुसार स्थायू पदार्थातील अणू, रेणू किंवा आयन परस्परांच्या अगदी निकट असतात आणि आपापल्या स्थानाभोवती केवळ कंप पावतात. स्थान सोडून ते सहसा जात नाहीत. त्यामुळे स्थायूला निश्चित आकार व निश्चित आकारमान असते, दाबाने त्याचे आकारमान नगण्य प्रमाणात घटते आणि तो द्रवाप्रमाणे वाहत नाही.

उष्णता दिली असता कणांचा कंप वाढतो. तो एका मर्यादेपलीकडे गेला की मांडणी मोडते व पदार्थ वितळतो. ज्या तापमानास हे घडते त्यास द्रवणांक म्हणतात. काही पदार्थ उघड्यावर तापविले असता न वितळताच वायुरूप होतात. यास संप्लवन म्हणतात. डबीतील कापूर दिवसेंदिवस कमी होतो तो यामुळेच.

२. स्फटिकी व अस्फटिकी स्थायू

येथे प्रथम एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. रसशास्त्रात ‘स्फटिका’ म्हणजे तुरटी आणि ‘स्फटिकमणी’ म्हणजे पारदर्शक गारगोटी. रसायनशास्त्रात मात्र ‘स्फटिक’ हे एखाद्या द्रव्याचे नाव नसून मांडणीचे नाव आहे. ज्या स्थायूत कण तिन्ही दिशांना ठरावीक अंतराने, एकाच नमुन्याची पुनरावृत्ती करीत रचलेले असतात तो स्फटिकी स्थायू होय. सैंधव, तुरटी, खडीसाखर, गंधक, हिंगुळ, अभ्रक आणि सर्व धातू या वर्गात येतात.

कणांची ही नियमित मांडणी दीर्घकाळ केवळ अनुमानाचा विषय होती. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेनुसार स्फटिकातून क्ष-किरण सोडण्याचा प्रयोग झाला आणि १९१३ मध्ये विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांच्या कार्यातून मिठाच्या स्फटिकाची अंतर्रचना निश्चित झाली. या कार्याबद्दल लाउए यांना १९१४ चे व ब्रॅग पितापुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज भस्मांच्या परीक्षणासाठी वापरली जाणारी क्ष-किरण विवर्तन पद्धती ही याच शोधाची परिणती आहे.

ज्या स्थायूत अशी दूरवर टिकणारी नियमितता नसते तो अस्फटिकी स्थायू. काच, राळ व लाख ही त्याची उदाहरणे. यांना निश्चित द्रवणांक नसतो. तापविले असता ते हळूहळू मऊ, मग चिकट आणि शेवटी प्रवाही होतात. फोडले असता स्फटिकी द्रव्य बहुधा ठरावीक सपाट पृष्ठांवर दुभंगते, तर काच किंवा राळ शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठावर फुटते. सैंधवाचा खडा फोडून त्याचे काटकोनी तुकडे पाहावेत आणि राळेचा खडा फोडून पाहावा, म्हणजे भेद सहज पटतो.

कूपीपक्व रसायन करताना काचकूपीला कापडमातीचे सात थर देण्यामागे हेच कारण आहे. साधी काच ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागते. तिचा आकार कापडमातीच्या आधाराने टिकतो आणि उष्णताही एकदम न लागता सावकाश व समप्रमाणात पोहोचते.

३. स्फटिकी स्थायूंचे चार वर्ग

कणांना एकत्र धरून ठेवणाऱ्या बंधाच्या स्वरूपावरून स्फटिकी स्थायूंचे चार वर्ग केले जातात.

(अ) आयनिक स्थायू : यांत धन व ऋण प्रभारांचे आयन विद्युत आकर्षणाने बद्ध असतात. सैंधव, सोरा, नवसादर, यवक्षार ही उदाहरणे. हे कठीण परंतु ठिसूळ असतात. खलात घोटले असता पसरत नाहीत, तर चुरा होतात. सैंधवाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस आहे. स्थायू अवस्थेत हे वीज वाहून नेत नाहीत, मात्र वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर नेतात. यांपैकी अनेक द्रव्ये हवेतील ओलावा ओढून घेतात. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रतेत पाझरू लागते. कोकणातील पावसाळ्यात ही मर्यादा नित्य ओलांडली जाते. सामुद्र लवणात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असल्याने ते याहूनही लवकर ओले होते. यवक्षारातील पोटॅशियम कार्बोनेट तर हवेत चिघळून चिकट होते. लवणभास्कर चूर्णाच्या पावसाळ्यात गाठी होतात, त्यात चूर्ण करणाऱ्याचा दोष नसून लवणांचा स्वभाव कारण असतो. यावर उपाय हवाबंद पात्र व कोरडी हवा हाच आहे.

(आ) सहसंयुज जालरूप स्थायू : यांत अणू बळकट सहसंयुज बंधांनी एकमेकांस जोडलेले असून संपूर्ण खडा जणू एकच महारेणू असतो. वज्र (हिरा) व स्फटिकमणी ही उदाहरणे. कमालीचे काठिण्य, अतिउच्च द्रवणांक आणि पाण्यात अविद्राव्यता ही यांची लक्षणे. वज्र साध्या खलात घोटून सूक्ष्म होत नाही, यात नवल नाही. हिरा व ग्राफाइट दोन्ही केवळ कार्बनचेच असतात. तथापि ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर एकमेकांवर सैल बसलेले असल्याने ते बोटांना मऊ लागते.

थरांच्या रचनेचे आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे अभ्रक. यातील सिलिकेटचे थर आतून बळकट असतात, परंतु दोन थरांमधील बंध दुर्बल असतो. म्हणून अभ्रकाचे पापुद्रे नखानेही सुटतात, मात्र तेच पापुद्रे खलात कितीही घोटले तरी चकाकी टिकवून धरतात. धान्याभ्रक करताना भातासह पोटलीत चोळून द्रव्य प्रथम सूक्ष्म करण्याची योजना या दृष्टीने अत्यंत मार्मिक आहे. भस्माची निश्चंद्र परीक्षा ही या थरांची सपाट चकाकती पृष्ठे नष्ट झाली किंवा नाही हेच पाहते.

(इ) धात्विक स्थायू : यांत धातूचे धन आयन मुक्त इलेक्ट्रॉनांच्या सामायिक समूहात रचलेले असतात. थर घसरले तरी बंध तुटत नाही. म्हणून धातू ठोकून पसरतात, तार होऊ शकते, ते चकाकतात आणि उष्णता व वीज वाहून नेतात. सुवर्ण व ताम्राची कंटकवेधी पत्रे करता येतात ती यामुळेच. धातूंच्या शोधनातील भेदही द्रवणांकावरून उमगतो. वंग २३२, नाग ३२७ व यशद सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते. उलट रौप्य ९६२, सुवर्ण १०६४, ताम्र १०८५ आणि शुद्ध लोह १५३८ अंशांस. म्हणून पहिल्या तिघांचे ढालन, तर उरलेल्यांची पत्रे तापवून निर्वाप करावयाचे असतात. वितळलेला धातू द्रवात ओतताना वाफेने उसळतो. तेथे सच्छिद्र झाकणाच्या पिठर यंत्रावाचून काम करू नये.

धातूचे भस्म झाले म्हणजे तो धात्विक वर्गातून बाहेर पडतो. यशद भस्म मुख्यतः झिंक ऑक्साइड असते. तापलेले असताना ते पिवळे दिसते व निवल्यावर पुन्हा पांढरे होते. गरम शरावातील पिवळेपणा पाहून पाक बिघडला असा निष्कर्ष काढू नये. वारितर परीक्षेविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. भस्म तरंगते ते कणांच्या सूक्ष्मतेमुळे व पाण्याच्या पृष्ठताणामुळे. ते पाण्यापेक्षा हलके झालेले नसते. म्हणून ही सूक्ष्मतेची परीक्षा आहे, रासायनिक घटकांची नव्हे. मूळ धातू शिल्लक आहे की नाही यासाठी अपुनर्भव व निरुत्थ परीक्षाच केल्या पाहिजेत.

(ई) आण्विक स्थायू : यांत स्वतंत्र रेणू केवळ दुर्बल आकर्षणाने एकत्र राहिलेले असतात. कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल, साखर व गंधक ही उदाहरणे. हे बहुधा मऊ, लवकर वितळणारे आणि विजेचे दुर्वाहक असतात. यांतील काही उडूनही जातात. पुदिन्याचे फूल सुमारे ४२, ओव्याचे फूल सुमारे ५० आणि कापूर १७५ ते १८० अंशांच्या दरम्यान वितळतो. तिन्ही निरनिराळे असताना खोलीच्या तापमानास स्थायू राहतात. एकत्र करताच ते द्रव होतात, कारण भिन्न आकाराचे रेणू एकमेकांची मांडणी जमू देत नाहीत व मिश्रणाचा द्रवणांक खाली येतो. अमृतधारेचे रहस्य एवढेच आहे. म्हणूनच यांपैकी दोन द्रव्ये चूर्णात घालावयाची झाल्यास ती प्रथम वेगवेगळ्या कोरड्या चूर्णात घोटून मग मिसळावीत, अन्यथा चूर्ण ओले होते.

मनःशिलाही याच वर्गातील. ती प्रकाशात दीर्घकाळ राहिल्यास तिच्या रेणूंची रचना बदलून पिवळट भुकटी सुटते. म्हणून ती काचेच्या उघड्या बरणीत मांडून न ठेवता अंधाऱ्या जागी ठेवावी.

४. बहुरूपता : घटक तेच, मांडणी निराळी

एकाच रासायनिक घटकांचे द्रव्य एकाहून अधिक स्फटिकरूपांत असू शकते. यास बहुरूपता म्हणतात. गंधक सुमारे ९५ अंशांपर्यंत एका रूपात स्थिर असतो, त्यावर दुसऱ्या रूपात जातो आणि ११५ अंशांच्या पुढे वितळतो. वितळलेला गंधक सुमारे १६० अंशांच्या वर गेला तर तो पातळ होण्याऐवजी उलट घट्ट व काळपट होतो, कारण त्याच्या वलयाकार रेणूंच्या लांब साखळ्या बनतात. गंधकशोधनात घृतासह वितळविलेला गंधक वस्त्रातून गळेनासा झाला, तर अग्नी तीव्र झाला असे समजावे.

हिंगुळ व कज्जली हे याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. हिंगुळ आणि रससिंदूर हे पारद व गंधक यांचे लाल संयुग, तर कज्जलीत तेच संयुग काळ्या, निराळ्या मांडणीच्या रूपात असते. क्ष-किरण परीक्षणात हा भेद स्पष्ट दिसतो. या संयुगात वजनाने ८६ टक्के पारद व सुमारे १४ टक्के गंधक असतो, म्हणजे सहा भागांहून अधिक पारदास एक भाग गंधक पुरतो. समगुण कज्जलीत गंधक त्या मानाने सहापटीहून जास्त असतो. असे असूनही घोटणे अपुरे राहिले तर मुक्त पारद शिल्लक राहू शकतो, कारण स्थायू व द्रव यांची ही क्रिया केवळ स्पर्शपृष्ठावर घडते. कज्जली निश्चंद्र होईपर्यंत घोटावयाची ती याचसाठी. काळा रंग लवकर येतो, परंतु काळा रंग म्हणजे कज्जली सिद्ध झाली असे नव्हे.

५. स्फटिकजल व मात्रेचा प्रश्न

आता प्रारंभी सांगितलेल्या टाकणखाराकडे वळू. अनेक आयनिक स्फटिकांच्या मांडणीत पाण्याचे रेणू ठरावीक संख्येने बसलेले असतात. यास स्फटिकजल म्हणतात. हे द्रव्याला लागलेले ओलसरपण नव्हे, तर तो स्फटिकाचाच घटक असतो. द्रव्य हाताला पूर्ण कोरडे लागत असतानाही त्यात हे जल असते. नेहमीच्या द्रव्यांतील त्याचे वजनी प्रमाण असे आहे :

टंकण (दहा जलरेणू) – ४७.२ टक्के
स्फटिका, पोटॅशियमची तुरटी (बारा जलरेणू) – ४५.६ टक्के
हिरवे कासीस (सात जलरेणू) – ४५.४ टक्के
तुत्थ (पाच जलरेणू) – ३६.१ टक्के
गोदंती (दोन जलरेणू) – २०.९ टक्के

तुरटी तापविली असता सुमारे ९२ अंशांस आपल्याच स्फटिकजलात वितळते, नंतर फसफसून फुलते आणि पाणी निघून गेल्यावर पांढरी, सच्छिद्र लाही उरते. निळे तुत्थ पाणी गेल्यावर पांढरे पडते व ओलावा मिळताच पुन्हा निळे होते. कासीस फार तापविल्यास मात्र पाण्यासोबत गंधकयुक्त वायूही जातो व लोहाचे ऑक्साइड उरते. म्हणून त्याची घट केवळ पाण्याची धरता येत नाही.

टंकणाच्या बाबतीत गुंतागुंत अशी की बाजारात दहा जलरेणूंच्या टंकणाबरोबरच पाच जलरेणूंचे टंकणही मिळते. त्यात स्फटिकजल केवळ ३०.९ टक्के असते. माझ्या दुसऱ्या व्यापाऱ्याने मूळ गोणीवरील छापील मजकूर दाखविला, तेव्हा तो माल पाच जलरेणूंचा असल्याचे कळले. १०० ग्रॅममधून ६९ ते ७० ग्रॅम लाही येणे हे त्याच्या शुद्धतेचेच लक्षण होते. मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली.

हा प्रश्न केवळ हिशोबाचा नाही. १०० ग्रॅम निर्जल टंकणात जेवढा औषधी अंश असतो तेवढ्यासाठी दहा जलरेणूंचे टंकण सुमारे १९० ग्रॅम घ्यावे लागते. त्रिभुवनकीर्ति रसात हिंगुळ, वत्सनाभ, त्रिकटु, टंकण व पिंपळीमूळ ही द्रव्ये समभाग असतात. वत्सनाभाच्या उग्रतेस आवर घालणारे द्रव्य म्हणून परंपरेने टंकणाकडे पाहिले जाते. लाही न करता, केवळ कुटून चाळलेला टाकणखार समभाग घातला, तर १०० ग्रॅम वत्सनाभासमोर प्रत्यक्षात सुमारे ५३ ग्रॅमच टंकण उभे राहते. कागदावर योग समभाग असतो, खलात मात्र तो तसा राहत नाही.

याची दुसरी बाजू बालरोगात दिसते. खोकल्यासाठी मधातून टंकण देण्याची प्रथा घराघरांत आहे. कच्च्या टंकणाच्या अंदाजाने ठरविलेली मात्रा निर्जल लाहीची त्याच वजनाने दिली, तर औषधी अंश जवळपास दुप्पट जातो. तान्ह्या बालकांत मध व टंकण यांच्या वारंवार उपयोगाने आकडी आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चिमटीचे मापही येथे उपयोगी नाही. लाही हलकी व फुगीर, तर कच्चे चूर्ण जड असते. दोहोंची चिमूट समान दिसते, पण वजन समान नसते.

६. व्यवहारातील सूचना

(१) टंकण, तुरटी यांची लाही करण्यापूर्वी व नंतर वजन करून घट टक्क्यांत नोंदवहीत लिहावी. टंकणाची घट ४७ टक्क्यांच्या जवळ आली तर माल दहा जलरेणूंचा, ३१ च्या जवळ आली तर पाच जलरेणूंचा असण्याचा संभव आहे. मधलीच संख्या आल्यास फुलवणी अपुरी राहिली, किंवा माल उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंशतः जल गमावून बसला, किंवा त्यात अन्य द्रव्य मिसळले, यांचा शोध घ्यावा. ४७ हून बरीच अधिक घट म्हणजे माल ओला किंवा अशुद्ध.

(२) लाही पुन्हा तापवून, लागोपाठ दोन वजने समान येईपर्यंत पाहावे. अग्नी मात्र अति तीव्र नसावा. टंकण सुमारे ७४० अंशांस वितळून काचेसारखा गोळा होतो, म्हणजे स्फटिकी द्रव्य अस्फटिकी होते व ते खलात घोटणे कठीण जाते.

(३) निर्जल लाही हवेतील ओलावा ओढते. ती थोडीथोडी करून हवाबंद पात्रात ठेवावी. गतवर्षीच्या पावसाळ्यातून गेलेली लाही योगात घालण्यापूर्वी पुन्हा तापवून तोलावी.

(४) औषधनिर्मात्यांनी आवेष्टनावर ‘शुद्ध टंकण’ एवढेच न लिहिता ते निर्जल लाही आहे की सजल, हे लिहावे. चिकित्सकाने व्यवस्थापत्रातही तसाच उल्लेख करावा व मात्रा वजनात लिहावी.

(५) क्षार व लवणे काचेच्या घट्ट बुचाच्या बरणीत, संप्लवनशील द्रव्ये थंड जागी आणि मनःशिला अंधारात ठेवावी.

उपसंहार

द्रव्याचे नाव एक असले तरी त्याची मांडणी, त्यातील जल आणि त्याचे रूप एक असेलच असे नाही. वर्ग ओळखला म्हणजे ते खलात कसे वागेल, अग्नीवर काय करील आणि बरणीत किती टिकेल याचा अंदाज पूर्वीच बांधता येतो. यासाठी मोठी प्रयोगशाळा प्रत्येकाजवळ असण्याची आवश्यकता नाही. एक बरा तराजू, एक कढई व एक नोंदवही एवढ्यावर पुष्कळ काम होते. पुढील खेपेस टाकणखार फुलविताना प्रत्येक वैद्याने व औषधालयचालकाने ही दोन वजने अवश्य घ्यावीत आणि आपले आकडे इतर व्यवसायबंधूंसही कळवावेत, ही नम्र विनंती.